पुणे ते इंदूर : जाताना सव्वा तास, येताना दोन दिवस

आईचं माहेर इंदूरचं, रामबागेतलं. लग्न होऊन ती पुण्यात आली तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी तिची इंदूरची वारी असायचीच, पण गुडघे दुखायला लागल्यापासून रात्रभराच्या बसला ती नाही म्हणायला लागली आणि बघता बघता पाच वर्षं झाली. यंदा डिसेंबरच्या शेवटी मामाची पंचाहत्तरी होती. फोनवर मामा एवढंच म्हणाला, "बेबे, या वेळी यायलाच पाहिजे." आई ७२ वर्षांची आहे, पण तिच्या दादासाठी अजून बेबीच आहे. मग मी सरळ विमानाची तीन तिकिटं काढली, आई, मी आणि माझा आठवीतला लेक. येताना मात्र मामेभाऊ त्याची गाडी घेऊन पुण्याला परत येणार होता (तो पिंपरीला नोकरीला असतो), त्याच्याबरोबर रस्त्याने यायचं ठरलं.

निघायच्या आदल्या रात्री लेकाने नकाशावर पट्टी ठेवली. पुणे ते इंदूर सरळ रेघ मारली तर साधारण ५०० किमी भरतात. रस्त्याने तेच ६०० च्या आसपास. आणि रेल्वेने? नऊशेच्या वर! कारण पुण्याची गाडी आधी खाली कोकणाच्या बाजूला उतरते, वसई, सुरत, वडोदरा करत पार गुजरातमधून जाते, मग रतलामवरून वळून इंदूरला येते, सोळा-सतरा तास लागतात. एकाच दोन शहरांमधली तीन अंतरं. आणि त्या सरळ रेघेत एक गंमत सापडली, ती जवळजवळ महेश्वरवरूनच जाते. आईला दाखवलं तर ती चष्मा लावून बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसली.

दिवस पहिला : लोहगाव ते लोकमान्य नगर

सकाळी साडेपाचला सिंहगड रोडवरून निघालो, फ्लाइट ८:१० ची. सगळं वेळेत झालं, आईला व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती, ती मिळाली (वयस्कर माणसं बरोबर असतील तर तिकीट काढतानाच हे सांगून ठेवा, पैसे लागत नाहीत आणि सिक्युरिटीची रांग पटकन सरकते). पण मग बोर्डावर डिले आला. आमचं विमान दिल्लीहून यायचं होतं आणि दिल्लीत दाट धुकं. आधी एक तास, मग दोन, शेवटी पावणेअकराला विमान हललं. काउंटरवर कुणी धड सांगत नव्हतं, आजूबाजूला लहान मुलं रडत होती. आईने पिशवीतून गूळपोळ्या काढल्या, शेजारच्या बाकावरच्या बाईंना दिल्या, त्या निघाल्या देवासच्या, मग काय दोघींच्या गप्पा सुरू.

तर डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर शक्यतो दुपारची फ्लाइट घ्या. पुण्यात आणि इंदुरात लख्ख ऊन असलं तरी विमान उत्तरेकडून येत असेल तर तिकडचं धुकं तुमच्या नशिबी येतंच. लोहगाव हे हवाई दलाचंही विमानतळ आहे, त्यामुळे धावपट्टीवर थोडंफार थांबावंही लागतं, तेही धरून चाला.

लेकाचा हिशोब असा होता की विमान ताशी ८०० किमीने जातं तर ५०० किमीला चाळीस मिनिटंसुद्धा लागायला नकोत, मग तिकिटावर सव्वा तास का? प्रश्न बरोबर होता. एक तर तिकिटावरची वेळ ही विमान गेटवरून मागे सरकल्यापासून ते पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची असते, त्यात दोन्हीकडचं जमिनीवरचं फिरणं येतं. आणि एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान निम्मा वेळ चढत असतं नाहीतर उतरत असतं, पूर्ण वेगाने सरळ असं ते थोडाच वेळ जातं. आम्ही घड्याळ लावलं होतं, चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत ५६ मिनिटं.

आईला डावीकडची खिडकी दिली होती, सकाळच्या फ्लाइटला उत्तरेकडे जाताना ऊन उजवीकडून येतं म्हणून. तिचा पहिला विमानप्रवास. वर गेल्यावर हाताची पकड सैल झाली आणि मग तिचं एकच चालू झालं, "आता कुठे आलो?" मी आपलं अंदाजाने सांगत होते, हे संगमनेर असेल, हे मालेगावच्या पुढचं. तापी दिसली ती मातकट पट्टीसारखी. सातपुडा वरून बघितला तर चुरगळलेल्या गोधडीसारखा दिसतो. त्यानंतर थोड्याच वेळात विमान उतरायला लागलं आणि खाली रुंद चकाकती नर्मदा आली. आईने हात जोडले, ओठातल्या ओठात "नर्मदे हर" म्हणाली आणि डोळे उघडेपर्यंत नदी मागे गेली होती.

"एवढ्यात गेली पण?" असं म्हणाली ती. आणि मग उतरेपर्यंत काही बोललीच नाही.

नंतर टॅक्सीत सांगितलं तिने. ती लहान असताना हे सगळे पुण्याला आजोळी यायचे ते आगगाडीने. इंदूरहून मीटरगेजची छोटी गाडी, महू, पाताळपाणी, काळाकुंडचा घाट उतरून खंडव्याला, तिथे गाडी बदलायची. काळाकुंडला पानाच्या द्रोणात कलाकंद मिळायचा तो घ्यायचाच. आणि बडवाहच्या पुढे नर्मदेचा पूल आला की माझी आजी प्रत्येक पोराच्या हातात एकेक नाणं द्यायची, सगळ्यांनी एकदम खिडकीतून टाकायचं आणि ओरडायचं. पूल संपायला चांगला वेळ लागायचा. आई म्हणाली, "पाणी दिसायचं, वास यायचा गं." तेव्हाच ठरलं की येताना महेश्वरला मुक्काम करायचा, मग एक दिवस जास्त गेला तरी चालेल.

इंदूरचं विमानतळ बिजासन टेकडीला लागून आहे, शहर तिथून आठ-दहा किमी. लोकमान्य नगरला मामाच्या दारात पोचलो तेव्हा एक वाजायला आला होता. म्हणजे ५६ मिनिटांचं उडणं आणि दारापासून दारापर्यंत जवळजवळ साडेसात तास. दारात मामी ताट घेऊन उभी, "वन्सं, आधी थांबून जा, ओवाळून घेते." मामा मागे भिंतीला टेकून उभा, काठी घेऊन. दोघं बहीणभाऊ काहीच बोलले नाहीत, आईने फक्त त्याच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं.

दिवस दुसरा : रामबाग, राजवाडा, सराफा

सकाळी फोनवर ९ अंश दाखवत होता. मामीचे पोहे. आता पोहे आम्हीही करतो पण इंदुरी पोहे वेगळेच, फोडणी बेताची, बडीशेप घातलेली, पोहे वाफेवर गरम राहिलेले, वरून बारीक शेव, जीरावन, कांदा, लिंबू आणि बाजूला गरम जिलेबी. लेकाने पहिल्यांदा नाक मुरडलं, पोह्याबरोबर गोड कसं, आणि मग तीन वेळा घेतलं. जीरावन मसाला आठवणीने घ्या, विमानातूनही आणता येतो, नीट पॅक केलेला चेक-इनच्या बॅगेत टाकायचा.

मग रामबाग. आईचं जुनं घर विकलं त्याला खूप वर्षं झाली, तिथे आता तीन मजली इमारत आहे. तिला वाईट वाटेल म्हणून मी मनातून घाबरले होते. पण शेजारच्या जुन्या घरातल्या आजी ओट्यावर उन्हात बसल्या होत्या, त्यांनी आईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू मास्तरांची ना?" साठ वर्षांपूर्वीचे मास्तर! आत नेलं, चहा केला, आणि बोलताना मराठीत मध्येच हिंदी आणि हिंदीत मध्येच मराठी, कुठे सांधा दिसत नाही. "पोरं सगळी बाहेर चालली गेली, मी इथेच राहून राहिले." पुण्यात असं कुणी बोललं तर लोक दुरुस्त करतील, पण मला ती भाषा फार आवडते, अडीचशेहून जास्त वर्षं माळव्यात मुरलेली मराठी आहे ती, होळकरांबरोबर आलेली.

राजवाडा बघाच. सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १७४७ साली मल्हाररावांनी काम सुरू केलं. तीनदा आग लागली आहे, १८०१, १९०८ आणि १९८४. १९८४ ची बातमी आईने पुण्यात पेपरात वाचली होती आणि त्या दिवशी तिने स्वयंपाक केला नव्हता असं बाबा सांगायचे. आता दुरुस्ती होऊन वाडा पुन्हा उभा आहे. आई दरवाजाच्या लाकडावरून हात फिरवत होती, म्हणाली इथे दसऱ्याला बाबांच्या खांद्यावर बसून आले होते.

रात्री साडेनऊनंतर सराफा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात ते रात्री उशिरापर्यंत. पोट रिकामं ठेवून जा आणि एकेक प्लेट तिघांत घ्या, नाहीतर दोन गाड्यांतच संपाल. मक्याचा कीस, खोबऱ्याचे पॅटिस, दहीवडा, मावाबाटी आणि हिवाळ्यात आलात तर गराडू. हा एक कंद असतो, तळून, जीरावन आणि लिंबू मारून देतात, बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ. आणखी एक, इथली शिकंजी म्हणजे लिंबाची नाही बरं का, आटवलेल्या दुधाची असते, दाट, सुकामेवा घातलेली. गर्दीत आईला चालवेना तर एका सराफाने आपल्या बंद दुकानाच्या पायरीवर तिला बसायला जागा करून दिली, खाली स्वतःची शाल अंथरली, आणि आम्ही आणून देत राहिलो. रात्री अकरा वाजता त्या गल्लीत कागदाचा बोळासुद्धा पडलेला दिसला नाही. स्वच्छतेत पहिला नंबर येतो म्हणतात तो असा.

दिवस तिसरा : पंचाहत्तरी

या दिवशी कुठे गेलो नाही. घरातच कार्यक्रम, पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण, दाल-बाफले आणि चुरम्याचे लाडू. बाफले आधी पाण्यात उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात, दोन खाल्ले की झोप येते.

दुपारी मामाने त्याची जुनी फाइल काढली. मामा रेल्वेवेडा आहे, रेल्वेत नोकरी कधीच नव्हती, तरी. त्याने सांगितलं की खंडवा-इंदूर ही छोटी लाइन झाली ती तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं म्हणून. १८७० च्या दशकात! तीच आईची लाइन. आता ती ब्रॉडगेज करायला घेतली आहे, पाताळपाणी ते काळाकुंड एवढा तुकडा हेरिटेज ट्रेन म्हणून चालवतात. आणि फाइलमध्ये सगळ्यात वर मनमाड-इंदूर लाइनची कात्रणं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, ३०९ किमी, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधव्यावरून. ही झाली की पुण्या-मुंबईच्या गाड्यांना गुजरातचा वळसा राहणार नाही. मामा म्हणाला, "बेबे, त्या गाडीने मी येतो तुझ्याकडे." आईने कात्रण परत घडी घालून नीट ठेवलं.

दिवस चौथा : महेश्वर

सकाळी दहाला निघालो. मामा फाटकापर्यंत आला, मामीने डब्यात एवढं दिलं की डिकी भरली. महेश्वर साधारण ९५ किमी, एबी रोडने (जुना आग्रा-मुंबई रस्ता) महू बाजूला ठेवून मानपूर, मग भेरूघाट. पुणं आणि इंदूर दोन्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहेत, म्हणून विमानातून उतरल्यावर फार वेगळं वाटत नाही, पण रस्त्याने गेलात की कळतं की मध्ये केवढं खाली उतरावं लागतं. भेरूघाट उतरला की माळवा संपला, निमाड सुरू. घाटाच्या वर स्वेटर होता, खाली काच उघडली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि खळ्यांवर वाळत घातलेली मिरची, इतकी लाल की लेकाला आधी कापडच वाटलं. गाडी थांबवून काच खाली केली तर चौघंही शिंकायला लागलो.

धामणोदहून महेश्वर तेरा-चौदा किमी आत. किल्ल्याजवळच राहायची सोय झाली. दुपारी अहिल्याबाईंचा वाडा बघितला. वाडा म्हणजे डोळ्यांपुढे भव्य काहीतरी येतं, पण हा साधा, लाकडी खांबांचा, मोठ्या घरासारखा. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं इथून माळव्याचा कारभार चालला. गादी आहे तिच्यासमोर आई जमिनीवर बसली, उठताना गुडघ्यांनी त्रास दिला तरी बसलीच.

पुढे एका घरात माग चालू होते, आत बोलावलं. विणणारी बाई चाळिशीची असेल, बोलता बोलता हात थांबत नव्हते, धोटा इकडून तिकडे. तिने काठ उलटून दाखवला, दोन्ही बाजू सारख्या. काठावरची नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरूनच घेतलेली, लहर, चटई, ईंट, हिरा. लहर म्हणजे समोरची नर्मदाच. एकेकाळी मागे पडलेली ही विणकरी १९७० च्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातल्याच मंडळींनी रेहवा नावाची संस्था काढून पुन्हा उभी केली. साडी घ्यायची असेल तर अशी घरी माग असलेल्यांकडून घ्या, किंमत विचारताना लाजू नका पण फार घासाघीसही करू नका, त्या एका साडीला किती दिवस लागतात ते समोर दिसत असतं.

आणि संध्याकाळी घाट. पायऱ्या उंच आहेत. मामेभाऊ एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, लेक पुढे एकेक पायरी तपासत. वीसेक मिनिटं लागली. शेवटच्या पायरीवर आईने चपला काढल्या, साडी घोट्याच्या वर धरली आणि पाय पाण्यात घातले. पाणी गार होतं, पाय आधी आखडले आणि मग तिने बोटं पसरली. टाचांच्या भेगांमध्ये बारीक वाळू येऊन बसत होती. बटव्यातून तिने नाणी काढली, एक लेकाच्या हातात, एक माझ्या, एक भाच्याच्या. नाणी पाण्यात टाकायची की नाही यावर लेकाने शाळेत काहीतरी ऐकलं होतं, तो थबकला. आईने एक क्षण विचार केला, सगळी नाणी परत घेतली, पायरीवर दिवे विकणाऱ्या पोरीला दिली आणि चार पानाचे दिवे घेतले. दिवे सोडताना मात्र मोठ्याने म्हणाली, "नर्मदे हर!" वरच्या पायरीवर तीन-चार परकम्मावासी (नर्मदेची परिक्रमा करणारे) उभे होते त्यांनी उत्तर दिलं, "हर हर!"

काळोख पडेपर्यंत तिथेच बसलो. आईने पाय काढलेच नाहीत.

दिवस पाचवा : महेश्वर ते पुणे

साडेपाचशे किमी आहेत, त्यामुळे पहाटे सहालाच निघालो. वयस्कर माणसाला घेऊन हे एका दिवसात जरा जास्तच होतं, नाशिकला किंवा धुळ्याला मुक्काम केलात तर बरं. खलघाटला पुलावर नर्मदा ओलांडली, धुकं होतं, पाणी दिसलं नाही पण आईने काच खाली करून घेतली.

सेंधव्याला किल्ला रस्त्याजवळच दिसतो. पुढे बिजासनचा घाट, ट्रक भरपूर, सावकाश चालवा. घाटात बिजासन मातेचं देऊळ आहे. विमानाने उतरलो तेव्हा एक बिजासन आणि रस्त्याने राज्य ओलांडताना दुसरी, आईच्या हे लगेच लक्षात आलं. मग पळासनेर, शिरपूर, तापीचा पूल. जाताना वरून जी मातकट पट्टी दिसली होती तिच्यावरून जाताना लेक मोजत बसला, पूल किती सेकंदांचा.

धुळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर जेवलो. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. भाकरी थापणाऱ्या मावशी आपल्या मुलाला हाक मारून म्हणाल्या तेव्हा आई एकदम हसली, मला म्हणाली ऐकलंस का, मामी म्हणते "येऊन राहिले" आणि ह्या म्हणतात "ई राहिनू". खरंच की! इंदूरची मराठी हिंदीमुळे तशी झाली असं मी आजवर धरून चालले होते, पण मध्ये हा अख्खा खानदेश आहे, तिथून जाता-येता माणसं बोलत गेली असणार. हे माझं आपलं मत.

चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, रस्त्यापासून जवळ, पण तेव्हा साडेतीन वाजून गेले होते आणि आई मागच्या सीटवर झोपली होती, थांबलो नाही. तुम्ही थांबा. इंदूर, महेश्वर, चांदवड हा सगळा होळकरांचाच रस्ता आहे. नाशिकच्या पुढे ट्रॅफिक लागला तो चाकणपर्यंत. रात्री नऊला घरी. लोकमान्य नगर ते घर, महेश्वर धरून, गाडीच्या मीटरवर ६४१ किमी.

मामीने डिकीत काय काय भरलं होतं ते दुसऱ्या दिवशी उघडलं, त्यात दोन किलो कच्चे गराडू निघाले. आईने लगेच कसे करायचे ते दाखवलं, तसंच सांगते. साल काढताना हाताला तेल लावा, खाज येते. मोठे तुकडे करून आधी मंद आचेवर अर्धे कच्चे तळायचे, काढून गार होऊ द्यायचे, खायच्या वेळी पुन्हा मोठ्या आचेवर. मग गरम असतानाच मीठ, जीरावन आणि भरपूर लिंबू. आईने पहिली ताटली फोनसमोर धरली, पलीकडे मामा होता, तो म्हणाला, "अजून लाल होऊ दे, बेबे."